ब्लॉक्ड खातं, मुदत ठेव आणि सहा महिन्यांचं आगाऊ भाडं

प्रश्न: मी उदगीरची. ऑक्टोबरपासून जर्मनीत सरकारी विद्यापीठात दोन वर्षांचा मास्टर्स करणार आहे, ट्यूशन फी नाही. पहिले सहा महिने एका जर्मन कुटुंबात राहायचं ठरतंय. त्यांच्याशी व्हिडिओ कॉल झाले, माझी खोलीही बघून झाली, कधी एकदा जाते असं झालंय. नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह महिना ६५० युरो. एजंट सहाही महिन्यांचे पैसे आत्ताच मागतोय. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक, चार वर्षांनी निवृत्त होतील. घरी १४ लाखांची मुदत ठेव आणि पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. ठेव मोडावी की एक एकर विकावं?

उत्तर: दोन्ही नको. आणि सहा महिन्यांचे पैसे तर अजिबात आगाऊ देऊ नकोस.

आधी मोठी रक्कम बघू. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो लागतात. हिशेबापुरता युरो १०५ रुपये धरला तर साडेबारा लाख. पैसे पाठवताना त्या दिवसाचा दर बघ, कारण बँकेने युरोमागे एक रुपया जास्त लावला की जवळपास बारा हजार जातात. तुम्ही पूर्ण ठेव मोडून यातच घातली, तर दुसऱ्या वर्षाचं काय? राहण्याचा परवाना वाढवताना तिथलं कार्यालय पुन्हा खर्चाची सोय दाखवायला सांगतं. एजंट पहिल्या वर्षापुरतंच बोलतात. घरं अडकतात ती तेराव्या महिन्यात.

म्हणून साडेसात लाखांचं शैक्षणिक कर्ज काढ. राष्ट्रीयीकृत बँकांत साधारण या रकमेपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे लागतं. शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, गुंठेवारीचा प्लॉटही नाही, तेव्हा सातबारा घेऊन हेलपाटे मारू नका. कर्जाची रक्कम थेट ब्लॉक्ड खात्यात जाईल, हे मंजुरीपत्रात लिहून घे. राहण्याचा खर्च हप्त्याहप्त्याने देऊ असं शाखेने ऐनवेळी सांगितलं, तर व्हिसाची तारीख हातची जाते.

उरलेले पाच लाख ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उचल, काढून उभे करा. ठेवीच्या व्याजदरापेक्षा साधारण एक टक्का जास्त पडतो, पण ठेव शाबूत राहते आणि मुदतीआधी मोडल्याचा दंड लागत नाही. यात आणखी एक फायदा आहे. परदेशी पाठवलेली रक्कम आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेली की बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच वसूल होणारा आगाऊ कर) कापते. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस नाही आणि घरचे पाच लाख मर्यादेत बसतात.

ओव्हरड्राफ्ट सोयाबीनच्या पैशातून फेडू, असं वडील म्हणतील. पाच एकरांत एकरी सात क्विंटल धरले आणि २०२५-२६ चा ५,३२८ रुपये हमीभाव मिळाला, तरी १ लाख ८६ हजार होतात. त्यातून बियाणं, फवारणी, मळणी वजा करा. बाजारात हमीभाव मिळतोच असं नाही, आणि २०२५ च्या सप्टेंबरातली अतिवृष्टी मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. शिवाय माल येतो ऑक्टोबरात, पैसे लागतात उन्हाळ्यात. फेड पगारातून धरा. वडिलांची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची असेल, तर भविष्य निर्वाह निधीतून उच्च शिक्षणासाठी अग्रिमही मिळतो. प्रस्ताव आत्ताच पाठवा, जिल्हा परिषदेत फाईल हलायला वेळ लागतो.

आता ते कुटुंब. ब्लॉक्ड खात्यातून महिन्याला ९९२ युरोच निघतात. त्यातले ६५० राहण्या-जेवणाचे, आरोग्य विम्याचे सुमारे १५० गेले की दुपारचं जेवण, फोन, पुस्तकं, गरम कपडे हे सगळं १९० युरोत. जमेल, पण ओढाताण होईल. विद्यार्थी वसतिगृहाची खोली बऱ्याच शहरांत ३०० ते ४०० युरोंत मिळते, फक्त प्रतीक्षायादी लांब असते. प्रवेशपत्र हाती आलं की त्याच दिवशी अर्ज टाक. कुटुंबात दोन महिने राहा, भाषा कानावर पडेल, सुरुवातीचा एकटेपणाही कमी होईल. त्या दोन महिन्यांचे १,३०० युरो म्हणजे १ लाख ३६ हजार. सहा महिन्यांचे ४ लाख ९ हजार झाले असते.

आगाऊ भाडं भरलंस म्हणून ब्लॉक्ड खात्याची रक्कम कमी होईल, असं धरू नकोस. व्हिसा नाकारला गेला तर ब्लॉक्ड खात्यातले पैसे शुल्क वजा जाऊन परत येतात, एजंटला दिलेलं आगाऊ भाडं परत काढणं अवघड. तेव्हा करारात तीन गोष्टी हव्यात: व्हिसा नाकारल्यास किती दिवसांत परतावा, मधेच सोडायचं तर किती आधी कळवायचं, आणि राहायला आल्यावर घरमालकाने लेखी दाखला देण्याची हमी. पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करावी लागते आणि या दाखल्याशिवाय ती होत नाही; नोंदणी अडली की बँक खातं अडतं, आणि खातं अडलं की पहिले ९९२ युरोही. यासाठी वेगळे १,५०० युरो फॉरेक्स कार्डावर (आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) ठेव.

युरो पाठवायला उदगीरच्या शाखेत सोय आहे का ते आधी विचार, नसेल तर लातूरच्या परकीय चलन व्यवहाराच्या शाखेत जावं लागेल. पॅन आणि ए-टू अर्ज (परदेशी पैसे पाठवण्यासाठी बँकेत द्यायचा) सोबत असू दे.