कुंपणालगतचा पिवळ्या फुलांचा हिरवा गालिचा: माका की वेडेलिया?

एका वाचकाचा प्रश्न: कुंपणालगत पसरलेली ही वनस्पती माका की वेडेलिया, आणि ती ठेवायची की काढायची? त्यांनी केलेलं वर्णन असं: वीतभर उंच, भर उन्हाळ्यातही हिरवीगार, रुपयाच्या नाण्याएवढी पिवळी फुलं आणि आंब्याखालच्या सावलीत फुलं कमी. तुमच्या या वर्णनावरून ही वेडेलिया असावी. शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. मूळची मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली. तरी हातात घेऊन खात्री करा.

आधी पान बघा. पानं समोरासमोर, जाडसर, वरून तुकतुकीत. मधला भाग मोठा आणि दोन्ही बाजूंना एकेक आखूड टोक, म्हणजे पान तीन भागांत खाचलेलं. एकाच पानावर निर्णय देऊ नका. कोवळ्या आणि सावलीतल्या पानांत ही खाच कधी कधी दिसतच नाही, आणि ओळख चुकते ती इथेच. वेलीच्या उन्हातल्या भागावरची आठ-दहा पानं तपासा. मग खोड हलकेच उचला. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून मुळं फुटलेली दिसतील. फूल पानाच्या बेचक्यातून निघालेल्या देठावर एकेकटं येतं आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला बारीक दाते असतात.

माक्याशी गोंधळ होतो तो नावामुळे. तेलात घालतात तो माका बारीक पांढऱ्या फुलांचा. त्याचं खोड चुरगाळलं की रस थोड्या वेळात काळा पडतो. पिवळा माका ही वेगळी वनस्पती. ती वेडेलियाच्याच वंशातली (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट), पण आपल्याकडची, ओलसर जागी वाढणारी. तिची पानं अरुंद, लांबट, खरखरीत आणि बाजूच्या टोकांशिवाय. फूल मात्र फसवण्याइतकं सारखं. म्हणून केवळ फुलाच्या फोटोवरून कुणी ‘हा माका’ म्हटलं, तर तो पाला औषधात किंवा तेलात अजिबात वापरू नका.

पिवळ्या फुलांच्या आणखी दोन वनस्पतींशी गोंधळ होऊ शकतो. एकदांडीचं फूल फिकट असतं, उंच बारीक दांडीवर येतं, पानं लवदार असतात आणि बी म्हातारीसारखं उडतं. शोभेच्या भुईमुगाचं फूल वाटाण्याच्या फुलासारखं, आणि एका पानाला चार पर्णिका. हे दोन्ही लगेच वेगळे काढता येतात.

आता ठेवायची की काढायची? सिमेंटच्या कठड्यांनी बांधलेल्या वाफ्यात किंवा दुभाजकात ठेवायला हरकत नाही. जुनी झाली की ती खालून काटक्यांसारखी पोकळ होते. पावसाच्या सुरुवातीला 8–10 सेंटीमीटरवर छाटली की पुन्हा दाट भरते. पावसाळ्यात कडा महिन्यातून एकदा छाटाव्याच लागतात. पण तुमच्या कुंपणापलीकडे ओढा आहे असं लिहिलंय, तेव्हा माझं स्पष्ट मत: काढा. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक परक्या प्रजातींच्या यादीत हिचं नाव आहे. ओल मिळाली की ती खालची लहान झाडं झाकून मारते.

काढताना ग्रासकटर मुळीच चालवू नका. हिचा प्रसार मुख्यतः बियांनी नव्हे, तुकड्यांनी होतो; एक पेर असलेला तुकडाही पुन्हा रुजतो, आणि यंत्र नेमके तेच तुकडे सगळीकडे उडवतं. पाऊस पडून माती मऊ झाली की शेंड्याकडून सुरुवात करा, खोडाच्या मागे मागे जात प्रत्येक पेराखाली खुरपं घालून मुळासकट उचला. काढलेला ढीग ताडपत्रीवर कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. ओला असताना खतखड्ड्यात टाकला तर तिथेच वाढेल, ओढ्यात टाकला तर पाण्याबरोबर खाली जाऊन काठ धरेल. पुढचा संपूर्ण पावसाळा दर 15 दिवसांनी राहिलेले फुटवे उपटा.

मोकळ्या झालेल्या जागी शोभेचा भुईमूग लावा: 10–15 सेंटीमीटरची छाट कलमं (खोडाचे तुकडे), साधारण 20–25 सेंटीमीटर अंतरावर. जमीन झाकायला त्याला वेळ लागतो, तोवर निंदणी चुकवू नका.