फी नंतर भरा, आधी बारा आठवडे

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्याने विचारलं, "ताई, डिस्टन्सनं केलेल्या शिक्षणाला किंमत असते का?"

वय एकतीस. इलेक्ट्रिकलची पदवी, साक्री तालुक्यातल्या एका सौर प्रकल्पावर देखभालीचं काम, घरी बायको आणि दीड वर्षाची मुलगी. (त्याला विचारून लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवीकरणीय ऊर्जेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायची इच्छा, पण पगार सोडून दोन वर्षं पुण्या-मुंबईत राहणं शक्य नाही. वडील म्हणत होते, "शिकायचं तर कॉलेजात बसून शीक, नाहीतर पैसे घालवू नको." नोकरी करणारी बरीच मुलं-मुली हीच काळजी घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात.

बोलता बोलता कळलं, की त्याने एका एजंटकडे पंधरा हजार रुपये भरूनही टाकलेत. घरबसल्या एम.टेक., एका वर्षात, परीक्षा नावापुरती. इथे मी त्याला थांबवलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही. त्याआधी, ३ नोव्हेंबर २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयानेही परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकी शिकवणाऱ्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना खडसावलं होतं. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "वाटत होतंच." ते पैसे परत मिळाले नाहीत. शिकायची ओढ असलेल्या माणसाला असं फसवलेलं पाहिलं की मला अजूनही राग आवरत नाही.

पण म्हणून दूरशिक्षणच खोटं, असं मुळीच नाही. अभियांत्रिकीचं नाव नसलेल्या, ऊर्जा आणि पर्यावरणाच्या अंगाने जाणाऱ्या विज्ञान शाखेच्या पदव्युत्तर पदव्या आणि पदविका दूरस्थ पद्धतीने देता येतात. मान्यताप्राप्त संस्थेतून अशी पदवी घेतली तर ती नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. बघायचं एवढंच, की विद्यापीठाचं नाव, तो नेमका अभ्यासक्रम आणि आपण प्रवेश घेतोय ते सत्र, या तिन्ही गोष्टी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहेत का. मागच्या वर्षी मान्यता होती म्हणून या वर्षी असेलच, असं नाही. नोकरी सांभाळून करायचे वर्क इंटिग्रेटेड एम.टेक. हा वेगळा प्रकार आहे. तिथे मान्यता कुठल्या नियमाखाली आहे, ते संस्थेकडून लेखी मागावं. पुढे सरकारी नोकरी किंवा पीएच.डी. डोक्यात असेल तर नक्कीच.

मला वाटलं, प्रश्न सुटला. तो मात्र उठेना.

"प्रॅक्टिकल कुठं करणार, ताई? आणि नऊ वर्षांत पुस्तक उघडलं नाही. इंटिग्रेशनचं चिन्ह दिसलं तरी घाम फुटतो."

खरी काळजी ही होती. पदवीच्या किमतीचा प्रश्न बहुतेक वेळा पुढे उभा केलेला असतो, आणि त्याच्या मागे 'मला जमेल का' हा प्रश्न दडलेला असतो. मी त्याला पुढच्या वेळी प्लांटचा एका दिवसाचा जनरेशन रिपोर्ट, म्हणजे वीजनिर्मितीची नोंद, आणायला सांगितलं.

त्याने एप्रिलमधल्या एका दिवसाचा आणला. मला त्यातलं काही कळत नाही, मला समजावून सांगा, म्हटलं. त्याने कागद उलटा केला आणि पेन घेतलं. प्लांट १० मेगावॅटचा. त्या दिवशी पॅनलवर प्रत्येक चौरस मीटरला ६ युनिट ऊन पडलं. सगळं आदर्श असतं तर दर किलोवॅटमागे ६ युनिट, म्हणजे १०,००० किलोवॅटला ६०,००० युनिट वीज व्हायला हवी. झाली ४६,८००. भागाकार केला की ०.७८, याला ते परफॉर्मन्स रेशो म्हणतात. मग बाकीची वीज गेली कुठे? पॅनलची क्षमता मोजतात २५ अंशांवर, आणि एप्रिलच्या दुपारी पॅनल ६० अंशांपर्यंत तापतं. दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट धरली तर त्या घटकेला १४ टक्के तिथेच गेले. शिवाय धूळ, केबल, इन्व्हर्टर. बोलता बोलता त्याने दुसऱ्या एका रांगेचे आकडे दाखवले, तिथे घट जास्त होती. "शेजारून कच्चा रस्ता जातो, गाड्यांची धूळ बसते. धुवायचा दिवस बदलायला सांगितलंय मी."

वीस मिनिटं तो न अडखळता बोलत होता. मी म्हटलं, "एखाद्या विद्यार्थ्याला एका दिवसाचे असे आकडे मिळवायला किती जणांना विनवावं लागेल? तुम्ही त्या आकड्यांतच राहता." त्यावर तो पहिल्यांदा हसला. अर्थात प्लांटवर सगळं मिळत नाही. बायोगॅस नाही, पवनचक्की नाही, पॅनलच्या आतल्या पदार्थांचा अभ्यास तर नाहीच. त्यासाठी संस्थेने संपर्क सत्रं, म्हणजे समोरासमोर बसून शिकवायचे वर्ग, आणि प्रयोगशाळेचे दिवस ठेवलेच पाहिजेत, आणि ते ठेवत नसेल तर तिथे प्रवेश घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

गणिताची भीती बोलून गेली नसती. म्हणून ठरवलं, दोन वर्षांची फी भरायच्या आधी बारा आठवडे शिकून बघायचं. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे सौर ऊर्जेवरचे अभ्यासक्रम असतात. शिकायला पैसे नाहीत, दर आठवड्याला गृहपाठ असतो, आणि प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. रोज चार तासांची वेळापत्रकं मी कुणाला देत नाही. ती पहिल्याच आठवड्यात मोडतात. तिसऱ्या भेटीला बायको आली होती, तिनेच वेळ शोधून दिला. "नऊला मुलगी झोपते. मग हे अकरापर्यंत मोबाइल बघतात. त्यातला एक तास द्या की." आठवड्यातून चार रात्री, एक तास. बास.

चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात वादळाने प्लांटवर गोंधळ घातला, गृहपाठ राहिले. त्याचा मेसेज आला, "सुटलं ताई, माझ्याच्याने होत नाही." मी त्याला त्या अभ्यासक्रमाचे नियम उघडून वाचायला लावले. बारांपैकी सर्वांत चांगले आठच गृहपाठ धरणार होते. सहाव्या आठवड्यापासून तो पुन्हा बसला. इंटिग्रेशनसाठी त्याने बारावीतल्या भाच्याची वही मागून आणली.

परीक्षेचं केंद्र नाशिकला एका अभियांत्रिकी महाविद्यालयात होतं. वडील सोबत गेले, फाटकाशी बसून राहिले, आणि तो बाहेर आल्यावर म्हणाले, "पेपर कॉलेजातच घेतात की रे."

निकाल यायचा आहे. दरम्यान त्याने दोन विद्यापीठांना पत्र लिहून विचारलंय, प्रात्यक्षिकांचे दिवस किती आणि कुठे. उत्तर हातात पडल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही, हे या वेळी बायकोने बजावलंय.