वायफाय कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर घेता येईल का?

नागपूरला मानेवाड्याच्या घरी आईबाबा दोघंच, तुम्ही पुण्यात, घरी जुना डेस्कटॉप पडून आहे आणि क्लाउडचे पैसे दर महिन्याला भरायचे नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्या डेस्कटॉपवर रेकॉर्डिंग नक्की होतं. फक्त कॅमेरा नीट बघून घ्या.

सीताबर्डीला घ्यायला गेलात की मेगापिक्सेल नंतर विचारा. आधी त्यात आरटीएसपी किंवा ओएनव्हीआयएफ, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्याची सोय, आहे का ते पाहा. ते नसेल तर चित्र बहुधा कंपनीच्या अ‍ॅपपुरतंच राहतं, कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. बॅटरीवाले बहुतेक कॅमेरे इथेच बाद होतात.

पुष्कळ कॅमेरे फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, त्यामुळे जोडताना फोनही त्याच नेटवर्कवर ठेवा. जोडणी झाली की राउटरमध्ये जाऊन कॅमेऱ्याचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) कायमचा बांधून टाका. नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि रेकॉर्डिंग बंद पडल्याचं कोणाला कळतही नाही. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये आरटीएसपीचा पत्ता टाकून चित्र येतं का बघा. आलं, की एजंट डीव्हीआरसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका. 2 एमबीपीएसचं (सेकंदाला 2 मेगाबिट) चित्र अखंड साठवलं तर दिवसाला साधारण 22 जीबी लागतात, म्हणजे 1 टीबीची डिस्क दीड महिना पुरते. जुनं आपोआप पुसलं जाईल अशी सेटिंग ठेवा. कॅमेऱ्यात मेमरी कार्डही घाला. चोराने कॉम्प्युटरच उचलून नेला तर तेवढंच हाती राहील.

विंडोजचा स्लीप मोड बंद करा. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करा. दर वेळी बटण दाबायला आईबाबांना उठवू नका. राउटर आणि कॅमेरा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

आता आपल्या उन्हाचं. बऱ्याच कॅमेऱ्यांची मर्यादा 50 अंशांची असते. मे महिन्यात आपल्याकडे हवाच 45 च्या वर जाते. पश्चिमेच्या भिंतीवर थेट उन्हात कॅमेरा त्याहून कितीतरी जास्त तापतो. सज्जाखाली, उत्तरेला किंवा पूर्वेला लावा. खिडकीच्या काचेआडून मात्र लावू नका, रात्री इन्फ्रारेडचा उजेड काचेवर आपटून चित्र पांढरं होतं.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कंपनीचेच पासवर्ड राहिलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करू नका, म्हणजे कॅमेऱ्याला इंटरनेटवरून थेट वाट देऊ नका, अशी वाट आपोआप उघडणारं यूपीएनपी बंद ठेवा, आणि पुण्याहून बघायला टेलस्केलसारखं व्हीपीएन (घरच्या नेटवर्कला जोडणारा खाजगी मार्ग) वापरा.

हे सगळं करण्याआधी आईबाबांना विचारा. फाटक आणि मुख्य दार दिसलं की पुरे, बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावू नका. शेजाऱ्यांचं अंगण चित्रात येत असेल तर तेवढा भाग सॉफ्टवेअरमध्ये झाकून टाका.