‘बीभत्स भयपट’ ही द्विरुक्ती आहे का?

‘टेरिफायर २’ या २०२२च्या अमेरिकी चित्रपटाला ‘बीभत्स भयपट’ म्हणणे ही द्विरुक्ती, म्हणजे भयाचाच दोनदा उल्लेख, नव्हे काय, असा प्रश्न आला आहे. नव्हे. मात्र ‘बीभत्स’मधला पहिला इकार दीर्घ लिहावा, आणि तोकड्या कपड्यांना बीभत्स म्हणणाऱ्यांनी ‘अश्लील’ हा शब्द वापरावा; तो त्याच कामासाठी आहे.

‘बीभत्स’चे मूळ ‘भी’, म्हणजे भिणे, या धातूत शोधणारे बहुधा ‘बिभेति’ (भितो) या रूपाला भुलतात. मग ‘त्स’ कोठून आला, हे मात्र ते सांगत नाहीत. पाणिनीच्या ज्या सूत्राने ‘मीमांसा’ सिद्ध होते, त्याच सूत्राने ‘बध्’ धातूपासून ‘बीभत्सा’ सिद्ध होते. धातूचे द्वित्व होऊन त्यातल्या पहिल्या अक्षराचा स्वर दीर्घ होतो, आणि ‘स’च्या आधी ‘ध’चा महाप्राण (त्यातला ‘ह’सारखा श्वास) लोपतो, तो मूळ धातूच्या ‘ब’वर जाऊन त्याचा ‘भ’ करतो. ‘बध्’चा धातुपाठातला, म्हणजे धातूंच्या पारंपरिक यादीतला, ‘बांधणे’ हा अर्थ मला येथे निरुपयोगी वाटतो. मुळाशी ‘बाध्’, म्हणजे दूर रेटणे, मानणारे कोशकारच बरोबर आहेत. जे दूर लोटावेसे वाटते, ते बीभत्स. युद्धात किळसवाणे कृत्य न करणाऱ्या अर्जुनाचे ‘बीभत्सु’ हे नावही याच अर्थाने उलगडते.

नाट्यशास्त्रकार भरताने बीभत्स रसातून भयानक रसाची उत्पत्ती सांगितली आहे. म्हणजे रस दोन आहेत, आणि पहिल्यातून दुसरा निपजावा लागतो. डेमियन लिओनी याच्या या चित्रपटात तो नेहमी निपजत नाही. संगणकावर नव्हे, तर प्रत्यक्ष वस्तूंतून घडवलेल्या जखमांची कारागिरी अव्वल आहे, लॉरेन लाव्हेराची सिएना ही केवळ बळी जाण्यासाठी आणलेली मुलगी वाटत नाही, आणि डेव्हिड हॉवर्ड थॉर्नटनचा मुका विदूषक दुकानात एकामागून एक विनोदी चष्मे घालून पाहतो, तेव्हा रक्त सांडण्याआधीच अंगावर काटा येतो. याउलट शयनगृहातल्या हत्येत जखमांवर मीठ चोळेपर्यंत भय केव्हाच विरून गेलेले असते आणि निव्वळ जुगुप्सा उरते. १३८ मिनिटांची लांबी आणि तलवार व स्वप्ने यांचे विस्कळीत कथानक हा दोष आणखी वाढवतात. त्या हल्ल्यानंतर बळी पडलेल्या मुलीची आई घरी येते आणि आपल्या मुलीत अजून जीव असल्याचे तिला दिसते, त्या क्षणी मात्र भरताचा क्रम अचूक साधतो.