नेट कॅफेचं फर्निचर करायच्या आधी

बापू,

दारव्ह्यात बसस्टँडजवळ गाळा घेतला म्हणे तू, नेट कॅफे अन् सोबत ऑनलाइन फॉर्मचं काम, चांगलं केलं. आता सगळ्यांजवळ मोबाईल आहे, कोण येईन तुह्याकडं असं लोकं म्हणतील, म्हणू दे. महाडीबीटीचा फॉर्म, पीक विमा, पोलीस भरतीचं हॉलतिकीट, हे सगळं शेवटी दुकानातच येते कारण प्रिंट लागते अन् फोटो सांगितला तेवढ्याच केबीत बसवून लागतो.

पण फोनवर तू दरवाज्यावाल्या केबिन म्हणत होता ना, ते डोक्यातून काढ. सायबर कॅफेचे केंद्राचे 2011 चे नियम आहेत, पार्टिशन जमिनीपासून साडेचार फुटाच्या वर चालत नाही, अन् पार्टिशनच्या बाहेरचे सगळे स्क्रीन मोकळ्या जागेकडं तोंड करून पाहिजेत. साडेचार फूट म्हणजे बसलेला माणूस उभ्या माणसाला दिसतोच. लोकं याला पोलिसांची कटकट म्हणतात, मला तर हा नियम धंद्याच्या फायद्याचा वाटते. काचेतून आतलं दिसलं की मायबाप पोरीला एकटी पाठवतात, अन् केबिनचं दुकान एकदा बदनाम झालं की मंग तिथं फक्त टवाळ पोट्टे बसतात, तेही उधारीवर.

आता दुसरी बाजू, ही कोणी सांगत नाही. तू ज्या टेबलावर फॉर्म भरशील तिथं आधार, पासबुक, ओटीपी सगळं उघडं पडते, तो स्क्रीन रांगेकडं असला तर मागचे चार जण आरामात वाचतात. पार्टिशनमधल्या स्क्रीनला बाहेर तोंड करायची सक्ती नाही, म्हणून ते एक टेबल पार्टिशनमध्ये घे.

रजिस्ट्रेशन काढल्याशिवाय शटर उघडू नको. ओळखपत्र पाहूनच बसव, मामाचा पोरगा असला तरी. अठराच्या आतलं पोट्टं ओळखपत्राशिवाय आलं तर संग ओळखपत्रवालं मोठं माणूस पाहिजे, अन् पार्टिशनमध्ये तर फक्त मायबाप नाहीतर पालकासंगच. कोण कधी बसलं त्याचं रजिस्टर अन् कोणत्या साइट पाहिल्या त्याची हिस्ट्री वर्षभर ठेवावी लागते, रजिस्टरचा महिन्याचा रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या 5 तारखेच्या आत द्यावा लागते. आधारच्या झेरॉक्सा मात्र कुलपात ठेव, काऊंटरवर गठ्ठा पडलेला मले दिसला तर मीच बोंबलीन.

गाळ्याचं माप घे, टेबलं कुठं, दरवाजा कुठं ते कागदावर काढून व्हॉट्सॲपवर टाक, अन् तोवर सुताराला ॲडव्हान्स देऊ नको.