बाइक सुरू होत नाही? कार्ब्युरेटर शेवटी उघडा
नवशिके बहुधा थेट कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडतात. तुम्ही तसे करू नका. आधी किल स्विच (इंजिन बंद करायचे बटण) आणि पेट्रोलचा कॉक पाहा, मग स्पार्क प्लग काढून त्याचे टोक निरखा: ओले असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, पण ठिणगी कमजोर आहे किंवा चोक (थंड इंजिनासाठी मिश्रणात पेट्रोल वाढवणारी कळ) जास्त वेळ ओढलेला राहिला आहे, कोरडे असेल तर पेट्रोलच अडले आहे. मुंबईच्या पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी शिरू शकते, म्हणून इंजिन थंड असताना फ्लोट बाऊलचा (कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असल्यास तळाशी वेगळा थर दिसेल. एवढे तुम्हाला नक्की जमेल. जेटमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्राच्या नळीत) तार मात्र कधीही घालू नका, कारण छिद्र किंचित रुंदावले तरी मिश्रण बिघडते. मिश्रणातली हवा कमी-जास्त करणाऱ्या एअर स्क्रूला तूर्त हात लावू नका.