तुटलेलं प्रवाळ पुन्हा लावता येतं म्हणतात. मग सागरी अभयारण्यात एवढी बंधनं कशाला?

लावता येतं, खरंय. पण मी मालवणचा. काही हंगाम किल्ल्याजवळ पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेलंय, त्यामुळे तुमच्या ‘मग’वर माझा आक्षेप आहे.

आमच्याकडची बरीचशी प्रवाळं फांद्यांची नाहीत, गोळ्यांसारखी असतात. वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. फुटबॉलएवढा गोळा व्हायला दहाएक वर्षं जातात. त्यातही जिवंत भाग म्हणजे वरची काही मिलिमीटरची साय, आत सगळा चुना. दम लागला की पर्यटक त्याच्यावरच उभा राहतो, कारण त्याला तो दगड वाटतो. सांगावं तर म्हणतो, ‘दगडाला काय होतंय?’

लागवडीचं खरं काम बघायचं तर तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखाताकडे बघा. २१ बेटांचं हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८६ साली झालं, पण चुन्यासाठी प्रवाळ खणून नेणं त्यानंतरही चालूच होतं. त्यातली दोन बेटं पाण्याखाली गेली. २००५च्या सुमारास खणणं थांबलं. तुतिकोरिनची सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्था २००२पासून तिथे प्रवाळ लावते आहे: निरोगी प्रवाळाचे छोटे तुकडे घ्यायचे, काँक्रीटच्या चौकटीवर घट्ट बांधायचे, चौकट तळाशी ठेवायची आणि मग वर्षानुवर्षं बुड्या मारून लक्ष ठेवायचं. नुकसान करणारा हात थांबला, म्हणून त्या मेहनतीला अर्थ आला असं मला वाटतं.

उष्णतेपुढे मात्र चौकटीही हतबल. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न तयार करतं आणि जागेचं भाडं म्हणून त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. पाणी नेहमीच्या ऐन उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की हा भाडेकरू जागा सोडतो आणि प्रवाळ पांढरं पडतं. लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. मन्नारला २०१० आणि २०१६ साली हा फटका बसला. फ्लोरिडात २०२३च्या उन्हाळ्यात तर रोपवाटिकेतली प्रवाळं समुद्रातून उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावी लागली.

मालवणचं अभयारण्य १९८७चं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांचा त्याला पहिल्यापासून विरोध आहे, आणि ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याला न विचारता रेघा मारल्या तर तो होणारच. माझ्या मते राखण करायला त्यांच्याइतकं जवळचं कुणी नाही.

तुम्ही आलात तर होडीवाल्याला आधी विचारा, नांगर कुठे टाकणार? वाळूत टाकणारा निवडा. सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. मेलेला तुकडाही खिशात घालू नका. २००१पासून ही प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आणि फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करणारा गाईड भेटला, तर त्याला सरळ नको म्हणा. हा उद्योग मीही केलाय.